आठवड्याची वही



वसंत ऋतूतल्या व्याख्यानाला एखाद्या डॉक्टरला बोलवावे, यात चालकांचा काही विनोद आहे की काय, अशी शंका आमच्या मनात आल्यावाचून राहिली नाही. शरद ऋतू ही वैद्यांची आई आणि वसंत हा त्यांचा बाप, असे आपल्याकडे पूर्वापार थट्टेने म्हणत आले आहेत. या दोन ऋतूंत माणसे आजारी पडतात आणि वैद्याच्या घरची चूल नीट पेटते, हा त्यातला मतलब. पण थट्टा बाजूला ठेवली, तर या बोलण्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. आजार वाटेल तेव्हा येत नाहीत. पाहुण्यांप्रमाणे त्यांचेही येण्याचे दिवस बहुधा ठरलेले असतात. आपल्या वाडवडिलांनी हे पाहिले होते आणि ध्यानात ठेवले होते. मोजले मात्र नव्हते. पाहणे आणि मोजणे यांत जे अंतर आहे, त्याविषयीच आज आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

आपल्या शहराचे आजारांचे पंचांग आपणां सर्वांना ठाऊक आहे. चैत्र-वैशाखात ऊन तापले की उष्माघात, मुलांना कांजिण्या आणि गालगुंड. पाणी कमी पडले की जुलाब-उलट्या. आषाढात पहिल्या पावसाचे गढूळ पाणी आले की गॅस्ट्रो, विषमज्वर आणि कावीळ. श्रावण सरून भाद्रपद लागला की डेंग्यू, चिकुनगुनिया आणि हिवताप; मग थंडीचा खोकला आणि दमा. हे इतके ठरलेले आहे, तर मग दर वर्षी साथ आली की आपण सारे एकदम दचकतो कां? वर्तमानपत्रात बातमी येते, फवारणीची गाडी गल्लीत फिरते, दोन दिवस धूर होतो, आणि तोवर साथीने आपले काम उरकलेले असते. आम्हांला वाटते, याचे कारण एकच. साथ येणार हे आपल्याला माहीत असते. पण ती आली, हे आपल्याला फार उशिरा कळते.

कळावे कसे? सर्वांत जुना उपाय म्हणजे मृत्यू मोजणे. लंडन शहरात प्लेगच्या भीतीने 1603 सालापासून दर आठवड्याला मृतांची यादी नियमाने छापली जाऊ लागली. जॉन ग्रॉन्ट नावाच्या एका कापडाच्या व्यापाऱ्याने त्या याद्या गोळा करून 1662 साली त्यांवर एक पुस्तक लिहिले. कोणत्या रोगाने किती माणसे मरतात, हे आकड्यांवरून सांगता येते, हे त्याने जगाला दाखविले. शास्त्र मोठे झाले ते पुढे. पण त्याचा पाया एका व्यापाऱ्याच्या वहीत आहे, ही गोष्ट आमच्यासारख्या बाजारपेठेच्या गावाला आवडावी अशी आहे.

पण मृत्यूच्या वहीत एक मोठे उणे आहे. ती खरे बोलते, पण उशिरा बोलते. मुंबईचे उदाहरण घ्या. 10 जून 1918 रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर नेमलेला होता. सात माणसांचा ताप, तोही पावसाळ्याच्या तोंडावर! मुंबईसारख्या शहरात त्याची दखल ती काय घ्यायची? त्याच सुमारास शहरात घरोघर माणसे अंथरुणाला खिळत होती आणि कामावरची हजेरी घटत होती. पण हे सारे एका वहीत कोणी मांडीत नव्हते. पुढे सप्टेंबरात दुसरी लाट आली, आणि 6 ऑक्टोबर 1918 या एकाच दिवशी मुंबईत 768 मृत्यू नोंदले गेले. आपल्या आज्या ज्या आजाराला ‘मानमोडी’ म्हणत, तो हाच. देशात त्याने एक कोटीहून अधिक माणसे नेली. जूनमध्ये आजाऱ्यांची मोजणी झाली असती म्हणून ती लाट थांबली असती, असे आम्ही म्हणत नाही. त्या काळी औषध नव्हते आणि लसही नव्हती. पण तयारीला हाती काही आठवडे मिळाले असते, आणि साथीच्या दिवसांत आठवडा म्हणजे काय, ते पुढे सांगतो.

मृत्यूच्या आधी काय घडते? माणूस आजारी पडतो. आजारी पडला की तो प्रथम घरचा काढा घेतो, मग औषधाच्या दुकानातून गोळी आणतो, आणि रात्री अंग फणफणले म्हणजे कोपऱ्यावरच्या डॉक्टरचे दार ठोठावतो. ती अवेळी पडलेली थाप हीच साथीची पहिली बातमी होय. रुग्णालयातली खाट नंतर भरते आणि स्मशानातली नोंद त्याहून नंतर होते. तेव्हा मोजायची असेल, तर ही थाप मोजली पाहिजे.

इथे आम्हांला आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. व्यासपीठावरून दुसऱ्यांच्या चुका सांगणे सोपे असते, म्हणून आधी स्वतःची सांगतो. काही वर्षांपूर्वीच्या भाद्रपदातली गोष्ट. आमचा दवाखाना जुन्या शहरात, अरुंद बोळात. एका सोमवारी तापाचे एक मूल आले. डोळ्यांमागे दुखते, अंग मोडून येते, अशी तक्रार. बुधवारी त्याच गल्लीतले दुसरे आले. शनिवारी रात्री त्याच गल्लीतली एक बाई दोन मुलांना घेऊन आली. आम्ही प्रत्येकाला तपासले, औषध दिले, पाणी भरपूर पाजा म्हणून सांगितले. प्रत्येक रोग्याकडे आमचे लक्ष होते. गल्लीकडे मात्र नव्हते. दर आठवड्याला भरून द्यावयाचा आरोग्यखात्याचा एक नमुना आमच्या मेजावर पडलेला असे. त्यावर आम्ही काचेचा पेपरवेट ठेवीत असू. पुढल्या आठवड्यात त्याच गल्लीतली एक आठ वर्षांची मुलगी आमच्याकडे आली ती पाचव्या दिवशी. ताप उतरला म्हणून घरची मंडळी निर्धास्त होती. डेंग्यूत ताप उतरतो, तेव्हाच धोक्याचे दिवस सुरू होतात. तिला आम्ही तसेच पुढे पाठविले. पण ती वाचली नाही.

तो नमुना भरला असता तर ती वाचली असती कां? आम्ही हा प्रश्न स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. नक्की उत्तर देता येत नाही. पण इतके खरे, की शनिवारीच ‘या गल्लीत चार’ असे कोठेतरी लिहिले गेले असते, आणि ते कोणी वाचले असते, तर सोमवारी त्या गल्लीत माणूस गेला असता, पिंपे रिकामी झाली असती, आणि ताप उतरल्यावरही मुलाला पुन्हा दाखवा, हे घरोघर सांगितले गेले असते. चार रोगी आमच्या चार निरनिराळ्या कागदांवर होते. एका कागदावर आले असते, तर ती साथ दिसली असती. त्या दिवसापासून आम्ही पेपरवेट वापरणे सोडले आहे.

हा नमुना आला कोठून, हेही सांगण्यासारखे आहे. कारण त्याच्या जन्मपत्रिकेत आपल्या मराठवाड्याचे नाव आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर भीतीने कित्येकांनी आपली घरे सोडली आणि बाहेर निवारे उभारले. बीड जिल्ह्यातल्या मामला या गावीही तसेच झाले. ओस घरांत धान्य राहिले, त्यावर उंदीर माजले. 1994 च्या ऑगस्टात गावात उंदीर मरू लागले, पिसवांचा त्रास वाढला, आणि सप्टेंबरात काखेत नि जांघेत गाठी आलेले रोगी दिसू लागले. त्याच महिन्यात सुरतेला फुप्फुसाच्या प्लेगची हाकाटी उठली; लाखो माणसे शहर सोडून पळाली, परदेशांनी विमाने थांबविली, व्यापार बुडाला. देशभर पन्नासांच्या वर मृत्यू नोंदले गेले. प्लेग हा जुनाच शत्रू. 1896 साली मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला होता. पण शंभर वर्षांनंतरही तो दाराशी येऊन उभा राहीपर्यंत देशाला त्याची नीट चाहूल लागली नाही, ही गोष्ट सर्वांना झोंबली. त्यातून 1997 साली साथरोगांवर पाळत ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि 2004 च्या नोव्हेंबरात जागतिक बँकेच्या साहाय्याने एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प उभा राहिला. पहिल्याच टप्प्यात महाराष्ट्र त्यात होता.

त्याची रचना साधी होती. सोमवार ते रविवार हा एक आठवडा. खेड्यातला आरोग्यसेवक लक्षणे पाहून ‘एस’ नमुना भरी, डॉक्टर तपासून ‘पी’ नमुना भरी, आणि प्रयोगशाळा रक्त-पाणी पाहून ‘एल’ नमुना भरी. तिन्ही कागद जिल्ह्याच्या ठिकाणी एकत्र येत आणि तेथून पुण्याला व दिल्लीला जात. 2021 च्या एप्रिलपासून हे काम संगणकावर आले असून आता प्रत्येक रोग्याची नोंद त्याच दिवशी करावी, अशी अपेक्षा आहे. वाहन बदलले, पण वाट तीच आहे. कागद असो की संगणक, मुळाशी कोणीतरी बसून लिहिले पाहिजे, आणि दुसऱ्या टोकाला कोणीतरी बसून वाचले पाहिजे.

आता कोणी विचारील, की रोजची नोंद होऊ लागली, मग आठवड्याचे एवढे महत्त्व कां? एका दिवसाचा आकडा चंचल असतो. सोमवारी दवाखान्यात गर्दी असते, सणाच्या दिवशी दवाखाना ओस पडतो. त्यावरून काहीच ठरत नाही. महिन्याचा आकडा स्थिर असतो, पण तो हाती येईपर्यंत महिना गेलेला असतो. आठवडा या दोहोंच्या मधला आहे. आणि आपले शहर तर आठवड्यावरच जगते. गुरुवारी छावणीचा बाजार, रविवारी जाफरगेटचा बाजार. उधारी आठवड्याची, मजुरी आठवड्याची. मग आजाराचा हिशेबच तेवढा आठवड्याने कां नसावा?

पण याहून एक खोल कारण आहे. डेंग्यूचा डास, ज्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात, तो साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडता डास होईपर्यंत त्याला साधारण आठ-दहा दिवस लागतात. तो फार दूर उडत नाही. ज्या पिंपात जन्मला, त्याच्या आसपासच्या घरांतच बहुधा वावरतो. म्हणजे या रोगाचे माप एक गल्ली आणि एक आठवडा हे होय. आपल्या शहराची पाण्याची कथा आपणांस ठाऊकच आहे. मलिक अंबराने सतराव्या शतकात नहरीतून पाणी खेळविले, त्याच गावात कित्येक वस्त्यांत गेली अनेक वर्षे नळाला रोज पाणी येत नाही. जायकवाडीचे पाणी आले की गृहिणी टाकी, हौद, पिंप, कळशी, जे सापडेल ते भरून ठेवते. तिला दोष कोण देईल? पण दोन पाण्यांमधले अंतर जितके वाढते, तितका डासाला वाढायला वेळ मिळतो. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, पिंप रिकामे करून आतून घासा, असे सांगतात. नुसते ओतून भागत नाही. या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जगतात. निसर्गाने त्या डासाला जो आठवडा दिला आहे, त्याच आठवड्यात आपल्याला मोजायचे आहे आणि घासायचेही आहे. एक आठवडा चुकला, की डासांची पुढली पिढी उडाली म्हणून समजावे.

पाण्याच्या रोगांत तर याहूनही घाई असते. 2017 च्या नोव्हेंबरात आपल्या छावणी भागात गॅस्ट्रोची साथ आली आणि थोड्याच दिवसांत हजारो माणसे जुलाब-उलट्यांनी हैराण झाली. अशा वेळी पहिल्या दिवसांतले जुलाबाचे दहा-वीस रोगी कोणत्या जलवाहिनीवरचे आहेत, हे नकाशावर मांडून पाहणे, यासारखे औषध नाही. लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी 1854 साली पटकीच्या वेळी ब्रॉड स्ट्रीटच्या एका पंपाभोवतीचे मृत्यू असेच मांडून दाखविले होते. अगदी अलीकडे, 2025 च्या जानेवारीत, पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात हातापायांतली शक्ती जाण्याचे, ज्याला गियां-बारे म्हणतात, ते रोगी एकामागून एक रुग्णालयांत येऊ लागले. वर्षभरात क्वचित दिसणारा आजार थोड्या दिवसांत इतका कसा दिसतो, हे तेथल्या डॉक्टरांच्या ध्यानात आले, त्यांनी कळविले, आणि पाण्याचा शोध सुरू झाला. मोजणे म्हणजे मुळात हेच: नेहमीचे किती, ते ठाऊक असणे; म्हणजे नेहमीहून जास्त झाले की मन दचकते.

परदेशात या कामी रात्री-अपरात्री घरी जाणाऱ्या डॉक्टरांचाही उपयोग करून घेतात. पॅरिसमध्ये 1966 साली डॉ. मार्सेल लास्कार यांनी तातडीने घरी येणाऱ्या डॉक्टरांची एक संस्था काढली. सुटीच्या दिवशी नळदुरुस्तीवाला मिळतो, पण डॉक्टर मिळत नाही, या अनुभवातून ती निघाली, असे सांगतात. 2003 च्या ऑगस्टात फ्रान्समध्ये उष्म्याने सुमारे 15,000 माणसे दगावली, आणि सरकारला ते फार उशिरा उमगले. तेव्हापासून रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांबरोबर या फिरत्या डॉक्टरांच्या भेटीही तेथे मोजतात, आणि फ्लू किती, बालकांचा दमा किती, पोटाचे आजार किती, याचे पत्रक आठवड्याच्या आठवड्याला लोकांसमोर ठेवतात. इंग्लंडातले कुटुंब-डॉक्टर 1967 पासून असेच साप्ताहिक आकडे देत आले आहेत. आपल्याकडे 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका डॉक्टरसह धावते. आरंभी राज्यात अशा 937 गाड्या होत्या. ‘घाटी’चे रुग्णालय तर 1956 सालच्या वैद्यकीय महाविद्यालयाबरोबरचे, तेथे रात्रीच्या वेळी साऱ्या मराठवाड्याची नाडी लागते. म्हणजे थापा पडतात, दारेही उघडतात. त्या थापांची बेरीज करून ती शहराला परत सांगण्याची सवय तेवढी लागायची आहे.

परत सांगण्याची, हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. डॉक्टर नमुना भरीत नाही, याचे खरे कारण आळस हे नव्हे. निदान आमचे तरी ते नव्हते. भरलेला कागद जातो कोठे, हे त्याला कळत नाही. विहिरीत दगड टाकला आणि आवाज आला नाही, तर माणूस दुसरा दगड टाकीत नाही. दर सोमवारी शहरातल्या प्रत्येक डॉक्टरला जर कळले, की गेल्या आठवड्यात सिडकोत ताप इतके, शहागंजात जुलाब इतके, मागल्या वर्षी याच आठवड्यात इतके होते, तर तो आपणहून लिहील; कारण मग ते आकडे त्याच्याच कामाचे ठरतात.

या आकड्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दवाखान्यात आलेले रोगी म्हणजे गावातले सारे रोगी नव्हेत. दिवाळीत दवाखाना बंद म्हणून आकडा उतरतो, साथ उतरते म्हणून नव्हे. वर्तमानपत्रात भीती छापून आली की साधा ताप असलेलेही धावत येतात आणि आकडा फुगतो. म्हणून एका आकड्यावर विश्वासू नये. मागल्या काही वर्षांच्या त्याच आठवड्याशी तो ताडून पाहावा. आणि कधी आरोळी फुकट गेली, तर हसू नये. पहारेकऱ्याने दहा वेळा उगाच हाळी दिली, तरी अकराव्या वेळी उठावेच लागते.

शेवटी, सर्वांत महत्त्वाचे. 1897 साली पुण्यात प्लेगच्या वेळी घरांची झडती सुरू झाली, तेव्हा लोकांनी रोगी लपविले. कोणी माळ्यावर, कोणी शेतात. भीतीने मोजायला गेले की आकडा खोटा होतो, आणि खोटा आकडा हा आकडा नसण्याहून वाईट. म्हणून या वहीत नावाचा डांगोरा नको, दारावर पाटी नको, गल्लीची नालस्ती नको. शहराला हवे ते एवढेच: कोणता भाग, कोणते वय, काय होते, केव्हापासून. हे आपण डॉक्टरला खरे सांगावे, लवकर सांगावे. आणि नगरसेवक दारी आले, तर फवारणी केव्हा, हे विचारण्याआधी गेल्या आठवड्याचा आकडा काय, हे विचारावे. ज्या गावचे लोक आकडा विचारतात, त्या गावात तो मोजला जातो.

आमच्या मेजावर आता एक साधी वही आहे. डावीकडे गल्ली, उजवीकडे संख्या, रविवारी रात्री बेरीज. पहिल्या पानावर आम्ही कोणाचेही नाव लिहिलेले नाही. फक्त त्या भाद्रपदातल्या गल्लीसमोर ‘चार’ हा आकडा आम्ही मागाहून लिहून ठेवला आहे. तो आम्हांला दर रविवारी दिसतो.  उद्या आठवड्याचा कोरडा दिवस पाळायला विसरू नये, ही विनंती.